छोट्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत. मग व्हीलचेअरवाल्यांना वेगळी सवलत हवी का?

सांगलीकर
४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असलेल्यांना पूर्वी प्रमाणपत्रावर छोटी गाडी १८ टक्के जीएसटीत मिळायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच दर सगळ्यांना लागू झाला. 'आता सगळे सारखे' असं त्यावर ऐकतो. मला ते मान्य नाही. आम्हाला हँड कंट्रोल बसवावा लागतो: ब्रेकसाठी दांडा ढकलायचा, वेगासाठी ओढायचा. गिअर ऑटोमॅटिकच लागतो, तो महाग. आणि डिकी! सीएनजी घेतली की बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकीच डिकी खाते. मग व्हीलचेअर मागच्या सीटवर टाकली की घरातलं एक माणूस मागे राहतं. चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाडी घ्यावी तर जीएसटी ४० टक्के. खुर्चीपुरती जागा ही चैन कशी?

बसप्रवासी पुणे
अडचण खरी आहे, पण सवलत मिळणार कोणाला? जो गाडी घेऊ शकतो त्यालाच. माझी बहीण व्हीलचेअरवर आहे आणि आमच्या दारात गाडी येण्यातली नाही. तिला चढायला पायऱ्या नसलेली लो-फ्लोअर बस, उघडणारा रॅम्प आणि फुटपाथला लावून थांबणारा ड्रायव्हर हवा. सरकारकडे पैसा असेल तर तो आधी तिकडे जावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४१ वं कलम बसथांबे, स्टेशनं आणि रस्त्यांपासूनच सुरू होतं.

गावठाण
त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा. परवडेल अशा खर्चात व्यक्तीला फिरता यावं म्हणून सवलती, वाहनात बदल करून देणं, हे सरकारचंच काम म्हटलंय. बस आधी, गाडी नंतर अशी रांग तिथे नाही. आमच्याकडे बस क्वचित येते, पायऱ्या उंच. वडिलांना दोघांनी उचलून चढवावं लागतं. त्यांच्या मनाला ते इतकं लागतं की त्यांनी बाहेर पडणंच सोडलंय.

चार्जिंग पॉइंट
इलेक्ट्रिक गाडीवर लांबी कितीही असो, ५ टक्केच जीएसटी आहे. पायाने दाबायचा क्लचही नाही. बाहेर वळणारी सीट आता वॅगन आरलाही बसवून मिळते. नवी करसवलत मागण्यापेक्षा स्वस्त कर्ज मागा.

सांगलीकर
सीट वळली तरी खुर्ची डिकीत कोणीतरी चढवायचीच असते. आणि मानेखाली ताकद नसलेल्या माणसाला खुर्चीसकटच आत घ्यावं लागतं. त्यासाठी उंच छत, मागे रॅम्प, खुर्ची बांधायचे पट्टे. हे बहुतेक वेळा बाहेरून करून घ्यायचं, वर आरटीओकडे नोंदवायचं.
बसप्रवासी, तुमच्या बहिणीची बस मलाही हवी. सवलत गाडीवर नको, बदलांच्या बिलावर द्या. मग मोठी गाडी स्वस्तात उचलायला कोणाला वाव राहणार नाही.

बसप्रवासी पुणे
बिलावर अनुदान चालेल, पण उत्पन्नाची अट हवी. आणि पहिला हक्क भाड्याने चालणाऱ्या रॅम्पच्या गाड्यांचा. तशी एक गाडी अनेक घरांना पुरते.

गावठाण
भाड्याची गाडी शहरात उभी राहणार. आमच्यापर्यंत रिकामी येण्याचं भाडं कोण भरणार? वडिलांना दवाखान्यात नाही, रोज शेतावर जायचंय. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेलं निओबोल्ट हे खुर्चीला पुढून जोडायचं बॅटरीवरचं वाहन आहे, ताशी २५ किलोमीटर जातं. अनुदान ठरवाल तेव्हा त्यालाही धरा.