मदत हवी आहे: बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मंद जळत राहतो

चाफा_१२
बेडरूममधला ९ वॉटचा बल्ब बटण बंद केल्यावरही पूर्ण विझत नाही, रात्रभर मिणमिणतो. दुसऱ्या कंपनीचा आणून लावला, तेच. वायरमन फोन उचलत नाही. बाबांची झोप होत नाहीये, कृपया लवकर सांगा.

प्रज्ञा७
बल्ब हलका असणार. आमच्याकडे बदलल्यावर थांबलं.

चाफा_१२
ताई, बदलून झालाय, वर लिहिलंय.

जुना_रेडिओ
अर्थिंग तपासा. निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात.

वायरिंगवाला_मिरज
रेडिओकाका, बल्बच्या होल्डरला दोनच तारा येतात, त्यात अर्थिंग कुठलं? चाफा, घर किती जुनं? आधी कोणता बल्ब होता? बटणात लाल दिवा आहे का?

चाफा_१२
घर १९८६ चं. आधी साठचा पिवळा बल्ब होता, त्याला कधी काही झालं नाही. लाल दिवा आहे, पण तो बटणाचा. अंधारात बाबांना सापडावं म्हणून गेल्या महिन्यात बेडशेजारी मुद्दाम तसलं बटण बसवून घेतलं. त्याचा काय संबंध?

वायरिंगवाला_मिरज
हे आधी सांगायचं ना! एक करून बघा. बल्ब काढला की बटणातला लाल दिवाही विझतो का?

गच्चीवरची_बाग
मंद जळताना बिल किती येतं? आम्ही सोलर बसवल्यापासून असल्या गोष्टींकडे बघतच नाही. कुणाला माहिती हवी असेल तर सांगते.

चाफा_१२
हो, विझतो! बाबाच म्हणाले. ते रोज रात्री स्टुलावर चढून बल्ब काढून ठेवतात, तेव्हा लाल दिवा जातो. मला वाटलं बटणही बिघडलं.

वायरिंगवाला_मिरज
बिघडलेलं नाही. तो लाल दिवा बटणाच्या दोन टोकांमध्ये जोडलेला असतो. बटण बंद केलं की करंटला तेवढी एकच वाट उरते: लाल दिव्यातून पुढे तुमच्या बल्बमधून. दोघं सिरीजमध्ये. बल्ब काढला की वाट तुटते, म्हणून दोन्ही जातात. हा करंट १ मिलीअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. साठच्या बल्बला २३० व्होल्टवर २६० मिलीअँपिअर लागतात, त्याची तार एवढ्याशाने तापतसुद्धा नाही. एलईडी बल्बच्या आत मात्र कपॅसिटर असतो. तो थेंबाथेंबाने भरतो आणि एलईडीला तेवढं पुरतं. साधं बटण लावा, विषय संपला.

ओहम_डोंबिवली
विषय संपला नाही. बटण फेजमध्ये (वीज आणणारी जिवंत तार) आहे की न्यूट्रलमध्ये (परतीची तार), हे कोणी विचारलंच नाही. न्यूट्रल तोडलेली असली तरी लाल दिवा असाच लागतो आणि बल्ब काढल्यावर असाच विझतो. तेव्हा बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असते. चाफा, बाबांना आज स्टुलावर चढू देऊ नका. बल्ब काढायचाच असेल तर आधी मेन स्विच पाडा.

वायरिंगवाला_मिरज
टेस्टर लावला की कळेल.

ओहम_डोंबिवली
नुसत्या टेस्टरने नाही कळणार. लाल दिव्यातून येणाऱ्या करंटनेही टेस्टर लागतो, लांब तारा शेजारून गेल्या असतील तरीही लागतो. होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावा, बटण बंद ठेवा आणि मग होल्डरच्या दोन्ही टर्मिनलना टेस्टर टेकवा. दोन्हीकडे अंधार असेल तर बटण फेजमध्ये आहे. दोन्हीकडे लख्ख लागला तर न्यूट्रल तोडलीय. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

जुना_रेडिओ
आमच्या काळी फेजला लाल तार आणि न्यूट्रलला काळी असायची. आता कारागीर हाताला येईल त्या रंगाची ओढतात.

चाफा_१२
नवीन बटणाला दोन्ही तारा काळ्या आहेत. आता खरंच भीती वाटतेय. बल्ब तसाच राहू दिलाय, बाबांना हॉलमध्ये झोपवलंय.

प्रज्ञा७
आमचे सासरे असेच बल्ब बदलताना स्टुलावरून पडले होते. शॉक थोडकाच बसला, पण खुबा मोडला. ओहम म्हणतात ते मनावर घ्या.

चाफा_१२
दुसरा वायरमन मिळाला. पिवळा बल्ब लावून टेस्टर टेकवला तर दोन्ही टर्मिनलना भक्कन लागला. गेल्या महिन्यातल्या माणसाने न्यूट्रल तोडून बटणात घेतली होती. आज एमसीबी पाडून तारा बदलल्या, बटण फेजमध्ये आलं. पण एलईडी बल्ब अजून मिणमिणतोय!

वायरिंगवाला_मिरज
मिणमिण लाल दिव्याचीच आहे. पण न्यूट्रलचं मी विचारायला हवं होतं, ओहम बरोबर होते.

ओहम_डोंबिवली
लाल दिवा बाबांना हवा असेल तर होल्डरपाशी बल्बला पॅरलल ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून घ्या. त्यावर एक्स२ आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलं बघून घ्या, पंख्याचा नको. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ३२ हजार ओहम. तो चोरटा करंट त्यातून निघून जातो, बल्बवर २५-३० व्होल्टच उरतात.

गच्चीवरची_बाग
किंवा साधं बटण लावून वर रेडियमची पट्टी चिकटवा. आमच्या जिन्यात आहे.

चाफा_१२
बाबांना विचारलं. ते म्हणाले, पट्टी चालेल, नवीन काही जोडू नका. उद्या साधं बटण लावतोय. स्टूल माळ्यावर टाकलंय.