मोतीबिंदूनंतर महिनाभर चष्म्याचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रिटायर होऊन 3 वर्षं झाली, गेल्या मंगळवारी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अर्ध्या तासात बाहेर आणि दुपारी घरी वरणभात. दुखत काहीच नाही पण वाकायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, ड्रॉप्स दिवसातून 6 वेळा, दोन बाटल्यांमध्ये 5 मिनिटं गॅप, त्यात माझा हात थरथरतो त्यामुळे निम्मे थेंब गालावर, सौ. म्हणते गालाचा मोतीबिंदू आधी बरा होणार.

खरी अडचण वेगळीच आहे. डावा डोळा मायनस 6, उजव्याला आता लांबचं लख्ख दिसतं. जुना चष्मा घातला की उजवीकडे धूसर, काढला की डावीकडे, आणि नवीन नंबर महिन्याभराने मिळणार. चष्मेवाला म्हणतो उजवी काच काढून साधी बसवून देतो, मुलगी म्हणते अशाने चक्कर येते आणि जिना उतरताना पाय चुकतो. डॉक्टरांची अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे, विचारणारच आहे, पण तोवर तुमच्यापैकी कोणी असा महिना कसा काढला? आणि आडवं पडून स्वतःच ड्रॉप्स घालायची काही युक्ती असेल तर प्लीज सांगा. पेपर सौ. वाचून दाखवते, पण शब्दकोड्यातले शब्द स्वतःच आधी सांगून टाकते हो.