कानाच्या शस्त्रक्रियेसाठी रोबो: इंदूरला आत्ता हवा आहे का?

वाचा_स्नेहलतागंज

कॉक्लियर इम्प्लांट (अंतर्कर्णात इलेक्ट्रोडची बारीक तार बसवून ऐकू येण्याची सोय) झालेल्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणे हे माझे काम. अलीकडे पालक पहिल्याच भेटीत विचारतात की रोबोकडून शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी थांबावे का, मोठ्या शहरात जावे का. परवा आपल्या मंडळाच्या बैठकीत तर वर्गणी काढून असे यंत्र येथील एखाद्या रुग्णालयाला द्यावे, असा प्रस्तावच आला. माझा त्याला विरोध आहे आणि त्याचे कारण सविस्तर मांडते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणारे यंत्र, लावतात. मग मॅपिंग सुरू होते, म्हणजे आतल्या प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा हे मुलाच्या प्रतिसादावरून ठरवायचे, आणि पहिल्या वर्षात ते पुन्हा पुन्हा करावे लागते. मी लाकडी कड्यावर ताणलेले पातळ कापड तोंडापुढे धरते, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा आवाज म्हणते. आवाज आला की मुलाने डब्यात एक ठोकळा टाकायचा. खंडव्याहून येणारी चार वर्षांची एक मुलगी पाच ठोकळे टाकते आणि ‘स्’च्या वेळी ठोकळा कानाशी धरून तशीच वाट पाहत राहते. तिची शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. मॅपिंग मात्र आठ महिने झालेले नाही, कारण इंदूरला यायचे म्हणजे वडिलांची मजुरी बुडते. केंद्राच्या दिव्यांगांना साधने देणाऱ्या अडिप योजनेतून आणि राज्याच्या मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून मुलांना इम्प्लांट मिळते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण पुढची दोन-तीन वर्षे ज्यावर सगळे अवलंबून असते, तेथेच कुटुंबे मेटाकुटीस येतात. मंडळाकडे पैसा असेल तर तो येथे लागला पाहिजे.

टूलरूम_पीथमपूर

ताई, आपल्या कामाविषयी मला आदर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. माझी सारी नोकरी पीथमपूरच्या टूलरूममध्ये, म्हणजे अचूक मापाचे साचे आणि अवजारे घडवण्याच्या विभागात, झाली, त्यामुळे मापांविषयी बोलतो. कानामागच्या हाडातून अंतर्कर्णातल्या शंखाकडे जाणारी वाट चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस यांच्या मधून जाते आणि तेथे जागा असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील गटाने याच फटीतून रोबोने १.८ मिलिमीटर व्यासाचा सरळ बोगदा पाडला. पहिली शस्त्रक्रिया २०१६ साली झाली आणि २०१७ साली तिचा वृत्तांत ‘सायन्स रोबोटिक्स’मध्ये आला. मला थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ड्रिल नेमके कोठे पोचले हे तेथे एकाच मापावर सोडलेले नाही. कॅमेरा त्याची जागा मोजतो, हाडाचा विरोध सीटी स्कॅनमधल्या घनतेशी ताडून पाहतात आणि नस किती दूर आहे हे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने तपासतात. आम्ही जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, यंत्रावरून उतरवून मोजत असू आणि चुकला तर भंगारात टाकत असू. चेहऱ्याची नस दुसरी मिळत नाही.

दुसरे म्हणजे इलेक्ट्रोड आत सरकवण्याचा वेग. यंत्र सेकंदाला ०.१ मिलिमीटर इतक्या संथपणे ढकलू शकते. २५ मिलिमीटरला चार मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेवढा वेळ न थरथरता, न थांबता एकसारखे ढकलणे कोणत्याही हाताला जमणार नाही. वाट सोडून टोक आतल्या नाजूक पडद्यातून वरच्या पोकळीत घुसले, तर उरलेसुरले नैसर्गिक ऐकणेही जाते. दोन वर्षांच्या बाळापुढे सारे आयुष्य पडलेले असते. इम्प्लांट बदलण्याची वेळ कधीतरी येईल, उपचारही पुढे जातील. त्याच्या कानाची आतली रचना शाबूत ठेवणे ही चैन कशी म्हणता येईल?

कान_नाक_घसा

मी शल्यचिकित्सक आहे आणि मला दोन्ही बाजूंशी थोडे भांडायचे आहे.

बैठकीत ‘रोबो’ या एका शब्दाखाली निरनिराळी यंत्रे आली. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी वापरतात ते दा विंची यंत्र कानात उपयोगी नाही. त्याची अवजारेच पाच ते आठ मिलिमीटर जाडीची असतात. बर्नचे यंत्र हाड कोरते, फ्रान्सचा रोबोटॉल हा शल्यचिकित्सकाने चालवायचा हात आहे, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणे तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२१ साली मान्यता दिलेले आयोटासॉफ्ट फक्त इलेक्ट्रोड सरकवते. नाकाच्या शस्त्रक्रियेत अवजार कोठे आहे हे स्कॅनवर दाखवणारे संगणकीय दिशादर्शन एक-दीड मिलिमीटर चुकले तरी बहुधा चालते. कानात अर्धा मिलिमीटरही फार झाला. म्हणून बर्नच्या पद्धतीत कवटीच्या हाडात खुणेचे स्क्रू बसवतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुन्हा स्कॅन काढतात. त्याने किरणांची मात्रा आणि भुलीचा वेळ दोन्ही वाढतात. मोठ्या माणसात ते चालून जाते, पण एक वर्षाच्या बाळाच्या पातळ कवटीसाठी मी आज त्याचा आग्रह धरणार नाही.

टूलरूमवाल्या काकांचा दुसरा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. शेवटचे काही मिलिमीटर ढकलताना प्रतिकार जाणवतो की आपल्यालाच तसे वाटते, हे माझ्या बोटांना खात्रीने सांगता येत नाही, आणि हे मी अनेक शस्त्रक्रियांनंतर म्हणतो आहे. तेवढ्या कामापुरते छोटे यंत्र मला हवे आहे. पण ते अडले तर तरुण डॉक्टरला हातानेच काम पुरे करावे लागेल. त्यासाठी शवातील कानाच्या हाडावर तासन्‌तास ड्रिल चालवून हात बसवायला हवा. ती सोय आधी वाढवा.

बाबा_सुदामानगर

आमच्या मुलाची शस्त्रक्रिया हाताने झाली आणि नीट झाली. पुढे प्रोसेसरची केबल तुटली आणि नवी मिळेपर्यंत चाळीस दिवस गेले. तोवर ‘पाणी दे’ म्हणू लागलेला मुलगा पुन्हा बोट दाखवू लागला. ताईंचे म्हणणे मला आकड्यांशिवाय समजते.

टूलरूम_पीथमपूर

बाबा, वाचून वाईट वाटले. केबलचा साठा मंडळाने ठेवावा, याला माझा विरोध असणे शक्यच नाही. हाड कोरणाऱ्या रोबोचा आग्रहही मी डॉक्टरांच्या म्हणण्यावरून मागे घेतो. पण इलेक्ट्रोड सरकवणाऱ्या यंत्राचा मुद्दा सोडत नाही, कारण चुकलेले मॅपिंग पुढच्या महिन्यात सुधारता येते आणि फाटलेला पडदा सुधारता येत नाही.

वाचा_स्नेहलतागंज

काका, मॅपिंग नेहमीच पुढच्या महिन्यात सुधारता येते, असे नाही. भाषा शिकण्याची पहिली वर्षे निघून गेली तर तीही परत येत नाहीत, आणि माझ्या खोलीत मी ते पाहते. तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या छोट्या यंत्राला मी यापुढे नकार देणार नाही. माझा विरोध क्रमाला आहे. बैठकीपुढे मी असा ठराव ठेवणार आहे की पहिल्या वर्षाची वर्गणी बाहेरगावच्या मुलांचे प्रवासभाडे, केबल आणि बॅटऱ्या यांसाठी राखावी आणि यंत्राचा विचार दुसऱ्या वर्षी करावा. आपण विरोधात मत देणार असाल तर त्याआधी एकदा माझ्याकडे या आणि सहा ठोकळ्यांची ती तपासणी समोर बसून पाहा.