३२वा आठवडा, गर्भजल कमी झालंय – मदत हवी आहे

पहिलंच बाळंतपण आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं, एएफआय (पाणी किती आहे त्याचा आकडा) ५.८. महिन्यापूर्वी ११ होता. बाळाचं वजनही दिवसांच्या मानाने थोडं कमी आहे, डॉप्लर (बाळाला रक्त कसं पोचतंय ते बघतात ती सोनोग्राफी) मात्र चांगला आला. डॉक्टर म्हणाल्या, भरपूर पाणी पी, आठवड्यातून दोनदा एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची तपासणी) करू. तेवढ्यात पुढची पेशंट आत आली आणि विचारायचं सगळं तसंच राहिलं.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे, हे माझ्यामुळे झालं का? कामावर सारखं उठावं लागू नये म्हणून मी दुपारी पाणी टाळायचे. शिवाय गेल्या आठवड्यात कंबर फार दुखत होती म्हणून घरातल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या पाच-सहा दिवस घेतल्या. हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं.

बाळाला आत त्रास होत असेल का? लवकर डिलिव्हरी करावी लागते का? ज्यांना हे झालंय त्यांनी प्लीज लिहा. रात्र रात्र झोप नाही.

प्रतिसाद :

अगं, मी लेबर रूममध्ये नर्स आहे. आधी गोळ्या बंद कर आणि आजच डॉक्टरांना फोन करून सांग. अर्ध्या गरोदरपणानंतर हे पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. आयब्युप्रोफेनने बाळाच्या किडनीचं काम मंदावतं आणि पाणी घटतं. म्हणूनच २० आठवड्यांनंतर ही गोळी स्वतःहून घ्यायची नसते. बंद केल्यावर बहुतेक वेळा पाणी पुन्हा वाढतं. पण बाळाचं वजनही कमी आहे, म्हणजे वारेतून रक्त कमी पोचतंय का तेही बघायला हवं. सगळं गोळीवर ढकलून मोकळी होऊ नकोस. बीपी तपासलंस का?

एएफआय ५ ते ८ म्हणजे काठावरचं, ५ किंवा त्याखाली गेलं की कमी धरतात. फुप्फुसांची वाढ खुंटायची भीती असते ती पाणी फार लवकर, २४ आठवड्यांच्या आत आटलं तर. तुझ्या टप्प्यावर जपायचं ते नाळेला. पाणी कमी असलं की ती दबू शकते आणि बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होतात. एनएसटी त्यासाठीच. डिलिव्हरी कधी, हे ठोके, डॉप्लर आणि वाढ बघून ठरतं, नुसत्या आकड्यावर नाही.

बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी गेलं, ताप आला किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी निघायचं. पाणी फुटलेलं असेल तर तुलाही इन्फेक्शनचा धोका असतो.

धागाकर्ती :

ताई, फोन केला. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण गोळ्यांची नावं, किती आणि कधी घेतल्या, सगळं लिहून घेतलं. बीपी १३८/८८ आलं, आधी ११०/७० असायचं. उद्या सकाळी लघवीची तपासणी आणि एनएसटीला बोलावलंय, शुक्रवारी पुन्हा डॉप्लर. आत्ता बाळ लाथा मारतंय, मोजतेय.