राग लिव्हरमध्ये, भीती किडनीत: चिनी वैद्यकाचं हे गणित पटतं का?

निशाचर:
झोप येत नाही म्हणून रात्री चिनी वैद्यकाबद्दल वाचत बसले. 'ह्वांगदी नेईजिंग' नावाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे, त्यात लिहिलंय की रागाने 'ची' वर चढते, भीतीने खाली उतरते, दुःखाने विरते आणि अति विचाराने तिची गाठ बसते. ची म्हणजे ढोबळमानाने आपला प्राण म्हणा. राग लिव्हरमध्ये, भीती किडनीत, दुःख फुफ्फुसात. आता आपणही राग डोक्यात गेला म्हणतोच ना, आणि घाबरल्यावर चड्डी ओली होते ती का मग? शिवाय त्यांच्याकडे हृदय आणि मन दोन्हीला शब्द एकच, शिन. मला तर हे आपल्या 'हे शरीराचं, ते मनाचं' अशा वाटणीपेक्षा जास्त पटतं.

खडूस काका:
हिशोब लावायचाच म्हटला तर कशाचाही लागतो हो. तत्त्वं पाच म्हणून अवयव पाच, चवी पाच, रंग पाच, आणि ऋतू चारच निघाले तर उन्हाळ्याची शेपटी कापून पाचवा केला! वर विचारलं की सांगतात, आमचं लिव्हर म्हणजे ते पोटातलं लिव्हर नव्हे, वेगळी कल्पना आहे. मग तपासायचं कसं? रक्ततपासणीत लिव्हरचा एसजीपीटी नॉर्मल आला तरी तुमचं लिव्हर रागावलेलंच.

कढीपत्ता:
काका, थिअरी सोडा, माणसाची पारख बघा. बारा-तेराव्या शतकात झांग झीहे नावाचा वैद्य होता, त्याच्याकडे एका श्रीमंत घरातली बाई, अति विचाराने दोन वर्षं झोप नाही. ग्रंथात नियम आहे की राग विचारावर मात करतो. याने नवऱ्याला विश्वासात घेतलं, भरपूर पैसे उकळले, काही दिवस दारू ढोसली आणि औषध न देताच निघून गेला. बाई अशी भडकली की घामाघूम झाली, आणि त्याच रात्री झोपली! पुढे आठ-नऊ दिवस उठलीच नाही म्हणे.

खडूस काका:
पैसे घेऊन औषध न देणारे आमच्याकडेही आहेत, मला तर रात्रभर झोप लागली नव्हती 😀

पानगळ:
दोघांनाही थोडं टोचेल असं सांगते. आर्थर क्लाइनमन हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ १९८० मध्ये चीनमधल्या हुनान प्रांतात गेला होता. तिथे 'नसांचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० पेशंट त्याने तपासले, डोकं दुखतं, चक्कर येते, झोप नाही अशा तक्रारी, आणि त्यातल्या ८७ जणांना अमेरिकन निकषांनी डिप्रेशन निघालं. माओची सांस्कृतिक क्रांती संपून जेमतेम चार वर्षं झाली होती, त्या काळात मन बिघडलंय म्हणजे राजकीय विचार बिघडलेत असा अर्थ काढायचे, मग माणूस डोकं दुखतं एवढंच सांगणार ना? आणि गंमत म्हणजे हे निदान चिनी ग्रंथातलं नाहीच, अमेरिकेत १८६९ च्या सुमारास बिअर्ड नावाच्या डॉक्टरने गाजवलेलं, ते फिरत फिरत चीनला पोचलं. त्यामुळे चिनी माणूस भावना शरीरातून बोलतो याचं सगळं श्रेय प्राचीन ज्ञानाला देऊ नका.

निशाचर:
हे माहीत नव्हतं, मानलं. पण डोकं दुखतं म्हणणाऱ्याचं डोकं खरंच दुखत असतं की. त्यांच्या जुन्या ग्रंथात घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं असं एक दुखणं आहे, गिळलं जात नाही आणि बाहेरही पडत नाही, पुढे त्याला एका आंबट फळाच्या बीचं नाव पडलं, 'मेई ह ची'. कारण काय, तर मनात दाबून ठेवलेलं.

खडूस काका:
हे मला झालंय. रिटायर झालो त्या वर्षी. एंडोस्कोपी केली, काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका आणि बिल दिलं. लिव्हरचं मी अजूनही मानणार नाही, पण ते बीचं नाव पुन्हा एकदा लिहा, बायकोला दाखवायचंय, ती म्हणत होती नाटक करतोय.