गणित रोजच्या जगण्यात कुठं लागतं? कोल्हापूरकरांनो, आकड्यांसकट लिहा

मंगळवार पेठेत मी आठवी ते दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेते. दरवर्षी एक तरी पोरगं विचारतंच, मॅडम हे पुढं कुठं वापरायचं, मोबाईल आहे की. प्रश्न रास्त आहे आणि पुस्तकी उत्तरानं पोरांचं समाधान होत नाही. मोबाईल गुणाकार करून देतो, पण कशाला कशानं गुणायचं ते आपणच ठरवायचं असतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याला पैशाच्या व्यवहारात समोरचा सांगेल ते मान्य करावं लागतं, हे मी आजूबाजूला रोज बघते. म्हणून तुम्हा सगळ्यांना विनंती, तुमच्या कामात गणित नेमकं कुठं लागलं ते सविस्तर लिहा. वर्गात वाचून दाखवणार आहे.

शिरोळ तालुका, ऊस उत्पादक

मॅडम, पोरांना उसाचं बिल वाचायला शिकवा, दशांश अपूर्णांक आणि टक्केवारी दोन्ही त्यातच हाय. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी, म्हंजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये ठरवली, पण ती 10.25 टक्के उताऱ्याला, म्हंजे 100 किलो उसातनं 10.25 किलो साखर निघाली तर. त्याच्यावर उतारा जाईल तसे दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. आपल्या भागात उतारा चांगला पडतोय, समजा 12.25 पडला, म्हंजे 2 टक्के वर, म्हंजे 0.1 चे 20 टप्पे, 20 गुणिले 3.46 झाले 69.20, ते 355 मध्ये मिळवले की क्विंटलला 424.20 आणि टनाला 4242. ह्यातनं तोडणी-वाहतूक वजा जाणार, ऱ्हाईल ते आपलं. लोक वजनकाट्यावर डोळ्यात तेल घालून उभे असतात, असायलाच पाहिजे, पण उताऱ्यातला अर्धा टक्का कुणाच्या ध्यानात येत न्हाई. अर्धा टक्का म्हंजे 5 टप्पे, टनाला 173 रुपये, 50 टन ऊस घातला असला तर 8650. पोराची वर्षाची फी निघती त्यात. आमच्या गावात आता बारावी झालेली पोरं उठून विचारतात की उतारा कुठल्या हंगामाचा धरला आणि तोडणी-वाहतूक टनाला किती लावली, आणि बिलावर आकडेमोड करून दाखवतात तवा सगळी बैठक गप ऐकून घेती. पूर्वी हे विचारणारा गावात एखादाच असायचा.

कपिलतीर्थ मार्केट

आमची आजी भाजी विकायची, शाळा तिसरीपर्यंत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन ह्यांचे सगळे पाढे तोंडपाठ. 70 रुपये किलोची गवार कुणी सव्वा किलो मागितली की तागडी खाली ठेवायच्या आत "साडेसत्याऐंशी" म्हणून मोकळी, आणि शंभरची नोट दिली तर वजाबाकी करायचीच नाही, गिऱ्हाइकाच्या हातावर एकेक ठेवत मोजायची, साडेसत्याऐंशी, हे नव्वद, हे शंभर. पाढे पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

फुलेवाडी, घर बांधताना

सळईचं गणित प्रत्येकानं शिकून घ्या. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 162 नं भागायचं, एका मीटरचं वजन किलोत येतं. 12 एमएमला 144 भागिले 162 म्हणजे 0.889, बारा मीटरची एक सळई 10.67 किलो. आम्हाला 40 सळ्यांचं बिल 460 किलोचं आलं, हिशोबानं यायला पाहिजे 427 च्या आसपास. आयएस म्हणजे भारतीय मानकात 12 एमएमला वजनात 5 टक्के कमी-जास्त चालतं, ते सगळं वर धरलं तरी 448 च्या पुढं जात नाही. मी कागदावर मांडून दुकानदारासमोर ठेवलं, परत काटा करायला लावला आणि बिल दुरुस्त झालं. हा 162 कुठनं आला तेही पोरांना सांगा मॅडम, वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि लोखंडाची घनता, घनमीटरला 7850 किलो, एवढंच आहे त्यात, नववी-दहावीच्या पोराला सहज निघेल.

करवीर तालुका, बचत गटाची हिशेबनीस

आमच्याकडं बायका कर्जाचा टक्का बघतात आणि कमी टक्केवाल्याकडं जातात. एकजण म्हणतो 12 टक्के फ्लॅट, बँक म्हणते 14 टक्के घटत्या शिलकेवर. 1 लाख, मुदत एक वर्ष, दोन्ही हिशोब मी फळ्यावर मांडले. फ्लॅटला व्याज सरळ 12,000, हप्ता 9333. बँकेचा हप्ता 8979, वर्षाचं व्याज 7745. म्हणजे 14 टक्केवालं सव्वाचार हजारांनी स्वस्त! कारण आपण दर महिन्याला मुद्दल परत करत असतो, वर्षभर लाखभर काही अंगावर नसतात, सरासरी 55 हजारांच्या आसपासच असतात, पण फ्लॅटवाला व्याज लावतो पूर्ण लाखावर. खरा दर धरला तर 21 टक्क्यांच्या पुढं जातो तो. आता रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कर्ज देताना "की फॅक्ट स्टेटमेंट" म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा लागतो आणि त्यात एपीआर, म्हणजे खर्च धरून येणारा वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो, सही करायच्या आधी तो आकडा बघा, जाहिरातीतला नको. एका ताईंनी हे समजल्यावर नणंदेचं कर्ज सुद्धा बदलून घेतलं, मला लई बरं वाटलं.

सुतारवाड्याजवळ

पावसाळ्यात आमचं सगळं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलेलं. ग्रुपवर मेसेज येतात 37.4, 37.10 असे, आणि पोरं म्हणतात 37.4 मोठा. अरे तो दशांश नाही, 37 फूट 4 इंच आणि 37 फूट 10 इंच आहे ते! समजा दुपारी 2 ला 37 फूट 4 इंच आणि 5 ला 37 फूट 10 इंच, म्हणजे तासाला 2 इंच, 39 ला अजून 14 इंच, म्हणजे रात्री 12 च्या सुमारास इशारा पातळी. म्हाताऱ्यांना आणि जनावरांना उजेडात हलवायचं का नाही ते ह्या भागाकारावर ठरतं. पण वेग एकसारखा राहत नाही, पाणी पात्राबाहेर पसरलं की चढ मंदावतो, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की काही तासांनी परत वाढतो, म्हणून दर तासाला नवा आकडा घेऊन परत मांडायचं. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाज्यातनं 1428 क्युसेक सुटतं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, म्हणजे एका दरवाज्यातनं सेकंदाला 40 हजार लिटर. बातमीतला आकडा असा लिटरमध्ये केला की घरात कुणी वाद घालत नाही, सामान माळ्यावर चढतं.

शिरोली एमआयडीसी, टर्नर

ज्यांना त्रिकोणमिती निरुपयोगी वाटते त्यांनी आमच्या लेथवर यावं. टेपर मारायचाय, म्हणजे गोल जॉब निमुळता करायचाय, मोठा व्यास 40 एमएम, लहान 30, लांबी 50. कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल धरणारा फिरता भाग, किती अंशात फिरवायची? दोन्ही व्यासांतला फरक 10, भागिले लांबीची दुप्पट 100, आलं 0.1, हा झाला टॅन, कोन 5 अंश 43 मिनिटं. आयटीआयची पोरं सूत्र पाठ करून येतात पण लांबीची दुप्पट का ते सांगता येत नाही. मग मी जॉब चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, तसाच ठेवून खडूनं मधली रेघ मारतो आणि दाखवतो, बघ, व्यास 10 नं कमी झाला पण टूल एकाच बाजूनं आत जातंय, त्याला फक्त 5 जायचंय, समोरची बाजू 5, लगतची 50. एकदा हे डोळ्यानं बघितलं की पुढचा टेपर पोरगं न विचारता लावतं. मॅडम, तुमच्या वर्गाला घेऊन या एका शनिवारी, मालकांना विचारून ठेवतो.