लोकशाहीकरणाचा अभ्यास: सुरुवात निर्देशांकांपासून की एका देशापासून?

मूळ मत
विद्यापीठात लोकशाहीकरण शिकवताना हल्ली बरेचदा पहिल्याच तासाला निर्देशांकांवरून, म्हणजे देशोदेशींच्या लोकशाहीला दरवर्षी दिल्या जाणाऱ्या गुणांवरून, रंगवलेला जगाचा नकाशा समोर येतो: हा देश मुक्त, तो अंशतः मुक्त. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. विद्यार्थ्याने पहिले सत्र एकाच देशात मुक्काम करावा. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी लष्करी हुकूमशहा पिनोशे यांची मुदत वाढवण्यास नकार दिला आणि १९९० मध्ये निवडून आलेले अध्यक्ष सत्तेवर आले. निर्देशांकाच्या तक्त्यात या देशापुढे ‘लोकशाही’ अशी नोंद झाली की विषय संपतो. प्रत्यक्षात पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले, १९८० ची राज्यघटना कायम राहिली आणि सिनेटमध्ये न निवडलेले सदस्य बसत राहिले. ती तरतूद रद्द व्हायला २००५ साल उजाडले. जुन्या राजवटीने जाता जाता स्वतःसाठी काय राखून ठेवले, हे कलमवार वाचल्याशिवाय सत्तांतर कळत नाही.

प्रतिसाद १
असहमत. एकच देश घ्यायचा म्हटले की जिथे लोकशाही आली असाच देश निवडला जातो, आणि वाटाघाटी झाल्या म्हणून लोकशाही आली अशी विद्यार्थ्याची समजूत होते. ४ जून १९८९ या एकाच दिवशी पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेने निवडणुकीत बाजी मारली आणि बीजिंगमध्ये सैन्याने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. दोन्हीकडे कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती, दोन्हीकडे महागाईने लोक त्रासले होते. पोलंडच्या कागदपत्रांत कितीही खोल शिरलात तरी बीजिंगमध्ये वेगळे का घडले, याचे उत्तर तिथे मिळणार नाही.

मूळ मतमांडणाऱ्याचे उत्तर
तुलनेला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. पोलंडमध्ये सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्या गोलमेज वाटाघाटींत कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी १६१ जागाच विरोधकांना लढवण्यास खुल्या ठेवण्याचे ठरले. सिनेटच्या शंभरही जागा खुल्या होत्या. सत्ता हातून जाणार नाही, हा कम्युनिस्ट पक्षाचा हिशेब कागदावर बरोबर होता. सॉलिडॅरिटीने त्या १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा जिंकल्या, तरीही बहुमत पक्षाच्या आघाडीकडेच होते. ते फिरले ते वर्षानुवर्षे पक्षामागे चालणाऱ्या दोन लहान पक्षांनी साथ सोडल्यावर, आणि ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. मला तर साऱ्या घटनाक्रमात हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. तो ज्याला ठाऊक नाही, तो बीजिंगशी तुलना करताना फक्त मोर्चांची गर्दी मोजत बसेल.

प्रतिसाद २
आपली उदाहरणे अशा सत्तांतरांची आहेत ज्यांना ठळक तारीख आहे. आजची लोकशाहीची घसरण तशी होत नाही. हंगेरीत २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मतांवर दोन तृतीयांश जागा मिळाल्या. पुढे नवी राज्यघटना आली, संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ झाल्या, मतदारसंघ नव्याने आखले गेले, आणि २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवरही दोन तृतीयांश बहुमत टिकले. रणगाडे नाहीत, बंड नाही, प्रत्येक पाऊल संसदेच्या मंजुरीने. अशी हळूहळू होणारी घसरण दरवर्षी एकाच मापाने मोजली तरच वेळीच नजरेस येते.

मूळ मतमांडणाऱ्याचे उत्तर
आपण दिलेले ३८६ आणि १९९ हे आकडे कोणत्याही निर्देशांकातले नाहीत, कायद्यातले आहेत. निर्देशांकात मुळात तज्ज्ञांचे मतच आकड्याच्या रूपात येते, आणि तज्ज्ञांना ते मत बनवायला कायदाच वाचावा लागतो. मग विद्यार्थ्याने तो आधी का वाचू नये?

प्रतिसाद २
कारण नुसत्या कायद्यावरून धोका ओळखता येत नाही. इटलीनेही २०२० च्या सार्वमतानंतर संसदेच्या जागा ९४५ वरून ६०० वर आणल्या, पण त्यामुळे तिथे सत्ताधाऱ्यांची जागा कायमची पक्की झाली नाही. २०२२ च्या पहिल्याच निवडणुकीत सत्ता विरोधी बाकांवरच्या पक्षाकडे गेली. जागा कमी करण्याचे तेच पाऊल एका देशात निरुपद्रवी आणि दुसऱ्या देशात सत्ता पक्की करणारे का ठरले, हा प्रश्न दोन्ही देश शेजारी ठेवल्यावरच सुचतो, आणि माझ्या मते तो पहिल्याच सत्रात सुचायला हवा.